पार्श्वभूमी : ‘जागतिक शहर’ आणि गिरणगावची जमीन

संगणक आणि फोन असला की धंदा कुठूनही चालेल, ठिकाणाला महत्त्व उरणार नाही, असे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अनेकजण सांगत होते. १९९१ साली एका नगर-समाजशास्त्रज्ञ विदुषींनी न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोचा अभ्यास करून नेमके उलटे मांडले. कारखाने जगभर पांगतात तसे त्यांच्यावर ताबा ठेवण्याचे काम गुंतागुंतीचे होते; त्यासाठी लागणारे वित्त, लेखापरीक्षण, कायदा, जाहिरात यांतले तज्ज्ञ मोजक्याच शहरांत, म्हणजे ‘जागतिक शहरां’त, एकवटतात. ‘विश्वनगर’ ही कल्पना मात्र जुनी. १९१५ साली तिचा वापर करणाऱ्या स्कॉटिश नगररचनाकारानेच १९१९ मध्ये मुंबईच्या विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला.

या मांडणीचा दुसरा भाग सोयीने गाळला जातो. वित्तकेंद्राला सफाई कामगार, पहारेकरी, उपाहारगृहातले स्थलांतरित नोकरही लागतात. कारखान्यातली मधल्या पगाराची नोकरी जाते आणि शहर दोन टोकांना ताणले जाते. लंडनच्या संदर्भात या निष्कर्षावर आक्षेप आले, टोकियोत शासनाचा हात भक्कम असल्याचे दाखवले गेले. आपल्याकडे त्या वादाची दखल फारशी कोणी घेतली नाही. जे वर्णन होते ते उद्दिष्ट बनले. २०१३पर्यंत मुंबई ‘जागतिक दर्जाची’ करण्याचा आराखडा २००३ मध्ये एका सल्लागार कंपनीने मांडला.

तोवर जमिनीचा निर्णय होऊन गेला होता. १९८२च्या संपानंतर मुंबईतल्या कापडगिरण्या थंडावत गेल्या; त्यांच्याकडे शहराच्या मध्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्याच विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरबांधणीला, एक मालकाला. या अटीवर मालक फारसे पुढे आले नाहीत. १९९६ मध्ये एका समितीने गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित आराखडा सुचवला, तो बासनातच राहिला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरणीच्या आवाराचा मोठा भाग बांधकामानेच व्यापलेला, त्यामुळे बागांचा आणि घरांचा वाटा आक्रसला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली.

सवलत दिली नसती तर कामगारांची देणी फिटली नसती, हा मालकांचा युक्तिवाद. देणी थकली होती हे खरेच. पण २००५ मध्ये पाच सरकारी गिरण्यांच्या जमिनीच्या विक्रीतून मिळून २,०२० कोटी रुपये आले. इतका भाव मिळणाऱ्या जमिनीतून देणी फेडायला शहराचा वाटा सोडावा लागत नाही.

गिरणगावातल्या लोअर परळमध्ये आता वित्तसंस्था आणि जाहिरात कंपन्यांची कार्यालये आहेत. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्ज लाखाहून जास्त होते. २०१६च्या एका सोडतीतली घरे पनवेलजवळच्या कोन गावात होती.