जावर (शिसे-जस्त निक्षेप)

जावर : राजस्थानातील अरवली डोंगररांगांत, उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किमी. वर असलेला शिसे-जस्ताचा निक्षेप व त्यालगतचे जुने खाणगाव. टिडी नदीच्या आसपासच्या मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला आणि बरोई या टेकड्यांत धातुक (ज्यातून धातू काढतात तो खनिजयुक्त दगड) सापडते. (मगरा म्हणजे मेवाडी बोलीत डोंगर.) मेवाडच्या इतिहासात जावरचे नाव चांदीसाठी येते, धातुविद्येच्या इतिहासात मात्र जस्तासाठी. पुण्याच्या परिसरातील काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे आणि त्यात असा निक्षेप नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पितळेचे भांडे घडते, त्यातले जस्त नेहमीच बाहेरून आलेले असते.

भूविज्ञान : धातुक अरवली महासंघ या प्राचीन खडकसमूहातील डोलोमाइटात (चुनखडीसारख्या, मॅग्नेशियमयुक्त खडकात) आहे. स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) आणि गॅलेना (शिशाचे सल्फाइड) ही मुख्य खनिजे असून सोबत पायराइट असते. चांदी व कॅडमियम अल्प प्रमाणात मिळतात. शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) निक्षेपाचे वय साधारणपणे १७० कोटी वर्षे धरले जाते. त्याच्या उत्पत्तीविषयी एकमत नाही. धातुकाच्या भिंगाकार पट्ट्या खडकातील भेगांच्या व कर्तन-पट्ट्यांच्या (खडक एकमेकांवर घसरून चिरडलेल्या पट्ट्यांच्या) आधाराने गेलेल्या दिसतात, म्हणून जुन्या अभ्यासकांनी ते उष्ण द्रावणांनी मागाहून भरले असे मानले. नंतरच्या मतानुसार धातू मुळात डोलोमाइटाच्या गाळाबरोबरच साचले आणि डोंगर घडताना पडलेल्या दाबाने व घड्यांनी ते हलून भेगांत शिरले. मोचियात धातुक पूर्व-पश्चिम पसरलेले आहे, तर जावरमालात ते घडीच्या वळणाला धरून आहे. अशी तफावत असूनही धातुकाने डोलोमाइटाचा थर बहुधा सोडलेला नाही. हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

जस्ताची अडचण : तांबे किंवा शिसे भट्टीच्या तळाशी वितळून साचते, जस्त तसे साचत नाही. त्याचे ऑक्साइड कोळशाने क्षपित व्हायला (त्यातला ऑक्सिजन निघून धातू उरायला) १,००० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान लागते आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे धातू जन्मताच वाफ होतो आणि हवा लागली की पुन्हा पांढरी राख होऊन बसतो. जावरच्या कारागिरांनी ही वाफ खाली ओढून थंड केली. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक ही खाण कंपनी यांनी मिळून केलेल्या उत्खननात ऊर्ध्वपातनाच्या (वाफ करून ती थंड करून धातू मिळवण्याच्या) भट्ट्या जागच्या जागी मिळाल्या. एका रांगेत सात भट्ट्या आणि प्रत्येक भट्टीत छिद्रांच्या विटांवर उलट्या उभ्या केलेल्या ३६ मुशी, म्हणजे एका वेळी २५२ मुशी.

यातली मूस जवळून पाहण्याजोगी आहे. आकार वांग्यासारखा, बाहेरून आचेने काच चढलेली, तोंडाशी मातीने लिंपलेली नळी. मुशीत भाजलेले धातुक, कोळसा व इतर द्रव्ये यांच्या गोळ्या भरत आणि मधोमध एक काडी खोचत. मूस उलटी केली तरी या काडीमुळे माल सांडत नसे. पुढे काडी जळून जाई आणि तिच्या जागी उरलेल्या पोकळीतून जस्ताची वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरे. एका काडीत दोन कामे साधणाऱ्या या योजनेला रसायनशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळायला हवे.

ग्रंथांतील उल्लेख : रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात रसकाचे (खर्पराचे), म्हणजे जस्ताच्या धातुकाचे, सत्त्व (धातू) काढण्यासाठी ‘वृन्ताक मूषा’, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे, तिची नळी बारा अंगुळे लांब व टोकाशी धोत्र्याच्या फुलासारखी पसरट असावी असे वर्णन आहे. उत्खननातील मुशींशी हे वर्णन विलक्षण जुळते. ग्रंथ वाग्भटाच्या नावावर असला तरी हा वाग्भट म्हणजे अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथाचा कर्ता नव्हे. ग्रंथाचा काळ सामान्यतः तेरावे-चौदावे शतक मानतात. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० मध्ये त्याची आवृत्ती काढली, त्यामुळे मराठी अभ्यासकांना हा पाठ लवकर हाताशी आला. ग्रंथकाराने कृती शोधून काढली असे समजण्यापेक्षा खाणीवरच्या लोकांची रीत त्याने नोंदवली असे मानणे बरे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘यशद’ (जस्त) हा सात धातूंपैकी एक आहे. आईन-इ-अकबरीत जस्ताची खाण अजमेर सुभ्यातील जालोर येथे असल्याचे म्हटले आहे. फार्सी लिपीत ‘जावर’चे ‘जालोर’ झाले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

कालनिर्णय : येथे दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. खाणींतील लाकडाच्या कार्बन-१४ मापनावरून खाणकाम इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत सुरू होते असे दिसते. पण ते शिसे व चांदीसाठी असू शकते. खाण जुनी म्हणून जस्ताचे ऊर्ध्वपातनही तितकेच जुने ठरत नाही. तक्षशिलेच्या एका पितळी भांड्यात सुमारे ३४ टक्के जस्त आढळले, आणि धातुरूप जस्ताशिवाय इतके प्रमाण साधणे कठीण. तरीही एकट्या भांड्यावरून भट्टीची परंपरा सिद्ध करणे धाडसाचे आहे. सामोली येथील इ.स. ६४६ च्या शिलालेखातील अरण्यकूपगिरीची खाण जावरचीच, ही ओळखही अद्याप अनुमानच आहे. मोठ्या प्रमाणावरील जस्तनिर्मिती बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान केव्हा तरी सुरू झाली, हे मत अधिक ग्राह्य ठरावे. मेवाडच्या परंपरेत खाणींचे श्रेय राणा लाखा (चौदाव्या शतकाची अखेर) याला दिले जाते. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या पद्धतीतही वाफ खालीच उतरवली जाई. ही कल्पना त्याच्यापर्यंत हिंदुस्थानातून गेली असावी असे काहींना वाटते. थेट पुरावा नाही.

ऱ्हास व आधुनिक काळ : १७३६ मध्ये पहिला बाजीराव उदयपुरास गेला आणि मेवाडने मराठ्यांना खंडणी देण्याचे मान्य केले. पुढे शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी मेवाड पोखरून निघाला. जावरचे काम थांबण्यात या अस्थिरतेचा वाटा होता, हे मराठी नोंदीत स्पष्ट लिहिले पाहिजे. १८१२-१३ च्या दुष्काळानंतर भट्ट्या विझल्याचे मानतात. राजस्थानचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉड याने जावरच्या खाणी कथिलाच्या म्हणून नोंदल्या, ती चूक पुढे बराच काळ चालली.

विसाव्या शतकाच्या चाळिशीत मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने खाणी पुन्हा उघडल्या. १९६६ पासून त्या हिंदुस्थान झिंककडे आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेच्या एएसएम इंटरनॅशनल या संस्थेने जावरला धातुविद्येचे ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग गावाभोवती अजून आहेत, आणि जुन्या घरांच्या भिंतींत विटांऐवजी याच मुशी ओळीने रचलेल्या दिसतात.