रीबूट

चालू संगणक थांबवून त्याला पुन्हा पहिल्या सूचनेपासून कामाला लावण्याची क्रिया. ‘रीस्टार्ट’ दाबल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम उघडे प्रोग्रॅम मिटते, अर्धवट माहिती डिस्कवर उतरवते आणि मग मदरबोर्डवरच्या कुणाला तरी प्रोसेसर रीसेट करायला सांगते. कुणाला सांगायचे, याच्या वाटा गेल्या चाळीस वर्षांत साठत गेल्या आहेत.

सर्वांत नवलाची वाट कीबोर्डवरून जाते. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमधला ८०२८६ प्रोसेसर एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमना एकमेकांच्या मेमरीपासून दूर ठेवणाऱ्या कार्यपद्धतीत, शिरला की रीसेटशिवाय माघारी येत नसे. म्हणून कीबोर्ड सांभाळणाऱ्या ८०४२ चिपच्या एका पायाला रीसेटची तार जोडली. हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतल्या अंकलेखनातल्या) ६४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या चिपला आज्ञा देण्याच्या पत्त्यावर, ‘एफई’ हा आकडा लिहिला की ती चिप प्रोसेसरला रीसेट करते. दुसरी वाट आडदांड आहे, तिला ट्रिपल फॉल्ट म्हणतात. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारी हाक; कोणत्या हाकेला काय करायचे, याचा तक्ता मुद्दाम रिकामा करून एक इंटरप्ट उठवायचा. तो हाताळता येत नाही, त्यातून उठलेली चूकही हाताळता येत नाही. तिसऱ्या चुकीला प्रोसेसर हात टेकतो आणि मदरबोर्ड त्याला रीसेट करतो. २०००च्या एसीपीआय २.० या वीज-व्यवस्थापनाच्या मानकापासून मात्र कुठे काय लिहिले की रीसेट होईल, हे फर्मवेअरच (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम असलेला प्रोग्रॅम) एका तक्त्यात सांगू शकते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आधी तिथे लिहिते, मग कीबोर्डच्या चिपला सांगते आणि गरज पडल्यास दोन्ही पुन्हा करून पाहते. विंडोजची रीतही हीच, आणि बोर्ड त्याच रीतीला धरून बनतात.

कोकण किनाऱ्यावर बरेचसे रीबूट कुणी न सांगताच होतात. देवगड-मालवणकडे मिरगाचा वारा सुटला की लाईट नुसती डोळा मिचकावते. तेवढ्यात व्होल्टेज पडले तर पॉवर सप्लाय ‘पॉवर गुड’ हा संकेत काढून घेतो आणि बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. कीबोर्डचे तिन्ही दिवे एकदम लागून विझतात, अर्धा भरलेला अर्ज जातो. डिस्कवर उतरवायची सवड इथे मिळतच नाही, म्हणून सेवा केंद्रात यूपीएस हवाच.

प्रिंटर अडला की पुष्कळजण ‘शट डाउन’ करून संगणक पुन्हा चालू करतात. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर त्यात कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि ड्रायव्हरची (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) स्थिती डिस्कवर जपून परत आणली जाते, आणि अडचणही तशीच परत येऊ शकते. अशा वेळी ‘रीस्टार्ट’च करावे, त्यात कर्नल नव्याने सुरू होतो.