सामंजस्य करार आणि करारनामा: एकत्र काम ठरवताना कोणता कागद कशासाठी

मागच्या पावसाळ्यात पंचवटीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात मी चार तास बसून होतो. टेबलावर स्टॅम्पपेपर होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं ‘सामंजस्य करार’. एका बाजूला संघाची नवी कार्यकारिणी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गणेश मंडळाची मुलं आणि बचत गटाच्या दोन ताई. तिघांनी मिळून अभ्यासिका काढायचं ठरवलं होतं. जागा संघाची, टेबल-खुर्च्या मंडळाच्या, साफसफाई आणि देखरेख बचत गटाची. कागदात एक वाक्य होतं: ‘संघ शक्य ती आर्थिक मदत करेल.’ त्या वाक्याच्या भरवशावर मंडळानं २० टेबलं उधारीवर आणली. मधल्या काळात संघाची निवडणूक झाली आणि नवे अध्यक्ष म्हणाले, “अरे बाळा, हे सामंजस्य आहे. पैशाचं बंधन नाही यात.” मंडळाचा खजिनदार म्हणाला, “काका, स्टॅम्पपेपरवर सही आहे तुमच्या माणसाची.”

दोघंही मनापासून बोलत होते. फसवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. तरी तीन महिने अभ्यासिकेला कुलूप राहिलं आणि वस्तीतली स्पर्धा परीक्षेची मुलं पुन्हा घरच्या एका खोलीत टीव्हीच्या आवाजात अभ्यासाला बसली. मला त्रास त्याचा झाला.

लहान संस्थांच्या अशा बैठकांना मी बरीच वर्षं जातो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हाच घोळ दिसतो. सामंजस्य करार आणि करारनामा हे दोन्ही कागद दिसायला सारखेच. दोन्हींत ‘पक्ष क्रमांक १’ आणि ‘पक्ष क्रमांक २’ असतात, खाली सह्या, शिक्के, साक्षीदार. बोलताना तर दोन्हींना सरसकट ‘एमओयू’, म्हणजे सामंजस्य कराराचंच इंग्रजी लघुनाव, म्हणतात.

घोळाचं एक मूळ आपल्या भाषेतच आहे. व्यवहारात आपण सगळ्यालाच करार म्हणतो. कायद्याच्या मराठीत मात्र ‘करार’ आणि ‘संविदा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमानुसार कायद्यानं अंमलात आणता येतो तो करार म्हणजे संविदा. म्हणजे प्रत्येक संविदा करार असते, पण प्रत्येक करार संविदा नसतो. ‘संविदा’ हा शब्द कोणी बोलत नाही, म्हणून मी इथे ‘करारनामा’ म्हणतो आणि त्याचा अर्थ, मोडला तर न्यायालयात जाता येतं असा कागद.

त्यासाठी काय लागतं? कलम १० सांगतं की दोन्ही बाजूंची संमती मोकळी हवी, करार करणारे त्यासाठी सक्षम हवेत, हेतू कायदेशीर हवा आणि मोबदला हवा. मोबदला म्हणजे पैसाच असं नाही. तू हे दे, मी ते करतो, अशी देवाणघेवाण असली की झालं. त्याच्या जोडीला कलम २९ आहे: ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार निरर्थक. ‘शक्य ती मदत’ हे शब्द नेमके इथे अडकतात. किती रुपये, कधी, किती महिने, याचा पत्ता नाही. न्यायाधीशानं ठरवायचं तरी काय?

सामंजस्य करार हा कमी दर्जाचा कागद आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. एकमेकांची ओळख नुकतीच झालेली असते, काम कसं जमेल हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा तोच योग्य. आपण कशासाठी एकत्र आलो, कोणाची ताकद कशात, महिन्यातून किती वेळा भेटायचं, एकमेकांचं नाव फलकावर कसं लावायचं, पटलं नाही तर किती दिवस आधी सांगून बाजूला व्हायचं, हे सगळं त्यात मावतं. गोदाकाठी विसर्जनाच्या दिवशी पाच मंडळं मिळून निर्माल्य गोळा करणार असतील, तर त्यांना करारनाम्याची गरज नाही. कोण कोणत्या घाटावर, किती वाजता, पोती कोणाकडे, एवढं एका पानावर लिहून सगळ्यांनी सही केली की काम चालतं. एखादं मंडळ आलंच नाही, तर त्याला कोर्टात खेचावं असं कोणालाही वाटणार नाही. वाटूही नये.

पण कागदाचं मथळ्यावरून ठरत नाही, आतल्या वाक्यांवरून ठरतं. ‘सामंजस्य करार’ असं नाव देऊन आत ठरावीक रक्कम, ठरावीक तारीख आणि त्याबदल्यात ठरावीक काम लिहिलं, तर न्यायालय त्याला संविदा मानू शकतं. उलट ‘करारनामा’ असं नाव देऊन आत नुसते ‘प्रयत्न करतील’, ‘सहकार्य करतील’ असे शब्द असतील, तर तो मोडला तरी हाती काही लागत नाही. बंधन नको असेल तर तसं एक वाक्य स्पष्ट लिहावं आणि हवं असेल तर तेही.

वर्गणीच्या शब्दाचं काय होतं, याचं एक जुनं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. हावड्याला टाउन हॉल बांधायचा म्हणून वर्गणीदारांची यादी केली गेली. एकानं १०० रुपये लिहिले. त्या यादीच्या भरवशावर पुढाकार घेणाऱ्यांनी कंत्राटदाराला काम दिलं. नंतर हा गृहस्थ पैसे देईना. १८८६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं सांगितलं की द्यावेच लागतील, कारण त्याच्या शब्दावर विसंबून दुसऱ्यानं बोजा अंगावर घेतला होता. पुढे मद्रास उच्च न्यायालयासमोर देवळाच्या दुरुस्तीच्या वर्गणीचं असंच प्रकरण आलं, पण तिथे दुरुस्ती त्या माणसाच्या शब्दावर विसंबून सुरू झालेली नव्हती, म्हणून वसुली फेटाळली गेली. आमच्या मंडळाची गोष्ट हावड्याच्या अर्ध्या वाटेवर होती. शब्दावर विसंबून उधारी झाली होती, पण हावड्यात १०० हा आकडा होता आणि इथे ‘शक्य ती’. आकडा असता तर खजिनदाराचं पारडं जड झालं असतं.

स्टॅम्पपेपरबद्दलही सांगतो, कारण त्यावर लोकांची श्रद्धा फार आहे. मुद्रांक शुल्क हा कर आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ खाली तो भरावा लागतो. न भरलेला कागद शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून घेतला जात नाही. म्हणून भरावाच. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वीच्या १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, तो खर्च आधी धरावा. पण ५०० च्या कागदावर लिहिलं म्हणून मोघम वाक्य पक्कं होत नाही. नोटरीच्या शिक्क्याचंही तसंच. सही करणारा तोच आहे एवढं नोटरी सांगतो, आत काय लिहिलंय याची हमी देत नाही.

नाशिक जिल्ह्यात या दोन्ही रीतींचे नमुने आहेत आणि दोन्ही पाण्याचे आहेत. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक आणि ते गावानं मिळून ठरवायचं. पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्र सगळ्यांचंच कमी. पिढ्यान्‌पिढ्या हे रूढीच्या आणि शब्दाच्या बळावर चाललं, कारण प्रत्येकाची पट्टी त्याच फडात होती आणि कोणी पाणी चोरलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळत होतं.

दुसरा नमुना दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचा. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोचतच नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकारानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, पुढे सगळ्या प्रकल्पावर २४ झाल्या. इथे समोरचा पक्ष म्हणजे सरकारचं पाटबंधारे खातं. त्यातला अधिकारी बदलून जातो, त्याची शेती त्या कालव्यावर नसते. म्हणून तिथे नुसत्या समजुतीवर भागलं नाही. संस्थेला पाणी मोजून मिळेल, संस्था पाणीपट्टी गोळा करून भरेल, चाऱ्यांची, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या पाटांची, देखभाल कोणी करायची, हे कागदावर बांधून घ्यावं लागलं. पुढे २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदाच आला.

कोणता कागद करावा असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यासमोर हे दोन पाट येतात. समोरचा माणूस रोज दिसणारा आहे का, आणि तो उद्या बदलला तर? पैसा, जागा, उधारी किंवा तिसऱ्या कोणाचं पोट यात गुंतलंय का? तसं असेल तर त्या भागापुरता करारनामा करा, बाकीचं सामंजस्यात राहू द्या. एकाच कागदात सगळं कोंबण्यापेक्षा दोन कागद केलेले मला कधीही बरे वाटतात.

जागेचा विषय तर वेगळाच काढावा. संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. ‘पाच वर्षं सभागृह मंडळाकडे’ असं वाक्य सामंजस्य करारात उत्साहानं लिहिलेलं मी पाहिलंय. त्या वाक्यानं मंडळाला हक्क मिळत नाही आणि विश्वस्त मात्र अडचणीत येतात. भाड्यानं किंवा लिव्ह अँड लायसन्सनं जागा द्यायची तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे तो करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा.

सही कोणाची, हेही बघावं. अध्यक्षांनी घरी चहा पिता पिता केलेली सही संस्थेला बांधतेच असं नाही. कार्यकारिणीच्या सभेत ठराव व्हावा, तो प्रोसिडिंग बुकात लिहिला जावा, सही कोणी करायची तेही त्यातच यावं आणि ठरावाची प्रत कराराला जोडावी. न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा, उतारा मागून घ्यावा. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो आणि बऱ्याच संस्थांचा तो राहून गेलेला असतो. ठराव नीट असेल तर ‘ते जुन्या कार्यकारिणीनं केलं’ ही सबब चालत नाही. करार संस्थेचा असतो, संस्था बदललेली नसते.

नोंदणी नसलेल्या मंडळांची काळजी मला जास्त वाटते. गणेशोत्सवाच्या वर्गणीपुरती त्याच अधिनियमाच्या कलम ४१-क खाली मिळणारी परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे. अशा मंडळाच्या नावानं करारनामा केला, तर सही करणाऱ्या मुलाच्या अंगावर व्यक्तिशः जबाबदारी येऊ शकते. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं दुकानदाराच्या उधारीच्या कागदावर ‘अध्यक्ष’ म्हणून सही केलेली असते आणि त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. सांगायला हवं.

एक शब्द शक्यतो टाळा: ‘भागीदार’. आपण तो प्रेमानं वापरतो, पण १९३२ च्या भागीदारी कायद्यात त्याला ठरलेला अर्थ आहे. व्यवसाय चालवून नफा वाटून घ्यायचा करार म्हणजे भागीदारी आणि तीत एकानं केलेल्या व्यवहाराला दुसराही जबाबदार. दोन बचत गट मिळून नागलीच्या पापडांचा स्टॉल लावतात, नफा निम्मा निम्मा घेतात आणि कागदावर स्वतःला भागीदार म्हणवतात, तेव्हा एकीची उधारी दुसरीच्या दारात येऊ शकते. ‘सहयोगी संस्था’ म्हणा आणि ‘या करारानं भागीदारी निर्माण होत नाही’ असं एक वाक्य घाला. परदेशी देणगी घेणारी संस्था सोबत असेल तर आणखी जपून. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे देताच येत नाही, मग तसं कितीही नीट लिहून घ्या.

पंचवटीत शेवटी आम्ही जुना कागद बाजूला ठेवला आणि दोन नवे केले. सामंजस्य करारात अभ्यासिका कशासाठी, किल्ली कोणाकडे, दर महिन्याची बैठक आणि बाहेर पडायचं तर एक महिना आधी सांगणं. करारनाम्यात संघानं १२ महिने, १० तारखेच्या आत मंडळाला २,००० रुपये द्यायचे. त्याबदल्यात टेबलं वर्षभर सभागृहात राहतील आणि मालकी मंडळाची. मंडळाची नोंदणी नव्हती, म्हणून सही करणाऱ्या दोघांना त्याचा अर्थ आधी समजावून सांगितला आणि ‘विचार करून सांगा’ म्हणून आठ दिवस दिले. बचत गटाच्या मोठ्या ताई बराच वेळ गप्प होत्या. सह्यांच्या आधी त्या म्हणाल्या, “तुमचं काहीही बिनसलं तरी परीक्षेच्या महिन्यात कुलूप लावायचं नाही, हे लिहा.” हे वाक्य कोणत्या कागदात घालायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. काका म्हणाले, भावनेची गोष्ट आहे, सामंजस्यात घाला. ताई ऐकेनात. ते करारनाम्यात गेलं, चौथ्या कलमात.