जुन्या रेझरची डबी आतून का सडते?

जुन्या बाजारात सेफ्टी रेझर हाती आला की शौकीन आधी त्याची मूठ फिरवून पाहतो, आटे झिजलेत का बघतो. डबी मात्र बाजूला पडते. खरं तर रेझर पितळेचा. घासला, मुलामा दिला की काम झालं. अवघड प्रकरण डबीचं असतं.

जिलेट कंपनीने 1903 मध्ये जेमतेम 51 रेझर विकले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने याच कंपनीचे लाखो संच घेतले. त्यामुळे तेव्हाच्या डब्या आजही सापडतात. बऱ्याचशा लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या, वरून पातळ चामडं, आत मखमल.

पांढरं सुती फडकं चामड्यावरून हलकेच फिरवा. विटेच्या रंगाची भुकटी निघाली, तर तो ‘रेड रॉट’. कोळशाच्या धुराने भरलेल्या शहरी हवेत सल्फर डायऑक्साइड असायचा. तो चामड्यात शिरून त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते कोलॅजेनचे, म्हणजे चामडं ज्या प्रथिनाचं बनतं त्याचे, धागे तोडत जातं. झाडाच्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, कमावलेल्या चामड्यातच हा रोग दिसतो, त्यातही सगळी टॅनिनं सारखी नाहीत. क्वेब्राचो किंवा मिमोसा या झाडांच्या टॅनिनने कमावलेलं चामडं लवकर बळी पडतं. सुमाक, हिरडा त्या मानाने टिकाऊ. आपल्या सह्याद्रीतला हिरडा मुंबईमार्गे इंग्लंडच्या चर्मोद्योगात जायचा, आणि तिथल्या बाजारात त्याची एक प्रत वेंगुर्ल्याच्याच नावाने ओळखली जायची!

अशा चामड्याला पाणी लागलं तर ते काळं पडतं, आक्रसून कडक होतं. मग हात शिवशिवतात ते तेल चोळायला. तेही नको. तेलाने रंग तेवढा गडद होतो, तुटलेले धागे जुळत नाहीत, आणि नंतर औषध आत मुरायला जागाच उरत नाही. ग्रंथसंवर्धक अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, म्हणजे भुकटी बांधून ठेवणारं द्रव्य, मऊ ब्रशने लावतात. भुकटी जागच्या जागी बसते. गेलेली ताकद परत येत नाही.

बिजागरीभोवतीचा हिरवट, मेणासारखा थर म्हणजे चामड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं यांचा साबण. तो बांबूच्या काडीने निघतो. लोखंडी टोक वापरलं की चरे पडलेच. दबलेली मखमल वाफेने फुलते, पण अस्तर बहुधा सरसाने चिकटवलेलं असतं आणि सरसही वाफेनेच सुटतो. म्हणून वाफ लांबून, क्षणभर.

नंतरच्या काही डब्या बेकेलाइटच्या. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासूनचं हे प्लॅस्टिक रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये बनवलं. उन्हाने वरची राळ झिजते, आतला लाकडाचा भुसा उघडा पडतो आणि चकाकी जाते. भिजत ठेवाल तर तो भुसा पाणी पिऊन फुगेल. तडा गेलेला तुकडा तापवून सांधता येत नाही, कारण बेकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. तिथे इपॉक्सीच कामाची.

सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या जुन्या प्लॅस्टिकची, मूठ किंवा डबी असेल तर ती पितळ-पोलादापासून वेगळी, हवेशीर ठेवा. जुनं होताना त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात, दमट हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं आणि शेजारचं पातं गंजतं. सेल्युलॉइड ओळखायला कापराचा वास पुरेसा आहे. तापलेली सुई टोचून पाहा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं.