रेल्वे मॉडेलचा माल आता दुकानात कसा येतो : आपल्या गिऱ्हाइकांसाठी माहिती

राम राम मंडळी,

लातूरच्या गंजगोलाईजवळच्या आपल्या दुकानात दर शनिवारी कुणी ना कुणी विचारतंच, "काय हो, पहिलं काचेच्या कपाटात इंजिनं लावलेले असायचे, आता कपाट रिकामं कामून?" एकेकाला सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलंय. हे वाचून जपून ठेवा, कारण बुकिंगची पद्धत आता बदलावी लागतेय.

पहिलं कसं होतं, कंपनी एक मॉडेल काढायची आणि वर्षानुवर्षं तेच बनवत राहायची. अमेरिकेत ॲथर्न कंपनीचे निळ्या खोक्यातले किट कुठल्याही हॉबी शॉपमध्ये कधीही मिळायचे. मिलवॉकीची वॉल्थर्स 1932 पासूनची, ती स्वतः माल बनवते आणि दुसऱ्या कंपन्यांचाही पुरवते, असल्या डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये माल पडून असायचा, दुकानदार दोन नग उचलायचा, विकले की परत दोन. मुंबईचा इंपोर्टर त्यातलंच थोडं आपल्यापर्यंत पोचवायचा. संपलं तर "पुढच्या महिन्यात येईल" म्हणायचं आणि ते खरंच यायचं.

आता इंजिनं आणि डबे तसे बनतच नाहीत. कंपनी आधी कॉम्प्युटरवरचं चित्र दाखवते, तारीख देते, त्या तारखेच्या आत दुकानदारांनी आकडा कळवायचा. त्या आकड्यांवरून चीनमधल्या फॅक्टरीत एकच बॅच निघते आणि मग तो साचा बाजूला. परत बॅच निघेल का, कधी निघेल, त्याच रंगात निघेल का, कुणीच सांगत नाही. चित्र दिसल्यापासून खोकं हातात यायला वर्ष दीड वर्ष सहज जातं.

असं कामून झालं तर बऱ्याच ब्रँडांच्या स्वतःच्या फॅक्टऱ्या राहिल्याच नाहीत. हॉर्नबी इंग्लंडची खरी, पण माल चीनमधून बनवून घेते. तिकडं सांडा कान नावाची एक मोठी फॅक्टरी एकाच वेळी कितीतरी ब्रँडांचं काम करायची, ती 2008 मध्ये हाँगकाँगच्या कादेरनं घेतली, म्हणजे बाकमन या मॉडेलच्या ब्रँडची जी मालक कंपनी आहे तिनंच. पुढं बऱ्याच ब्रँडांना दुसरी फॅक्टरी शोधावी लागली, साचे एकीकडून दुसरीकडं न्यायचे म्हणजे महिनोन् महिने जातात. फॅक्टरीत नंबर लागायचा, नंबर लागला की जेवढ्या ऑर्डरी असतील तेवढंच करून घ्यायचं, गोडाऊनमध्ये पैसा अडकवून ठेवायला कुणी तयार नाही. त्यात काही कंपन्या, जसं 2015 ला सुरू झालेली स्केलट्रेन्स, गिऱ्हाइकाला थेटसुद्धा विकतात, म्हणजे मधल्या डिस्ट्रिब्युटरला आणि दुकानाला उरतं ते कमीच.

हे पटत नसेल तर आपल्याच दुकानातलं उदाहरण बघा. पेकोचे रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) आपल्याकडं कायम असतात, केडीचे पाच नंबरचे कपलर, म्हणजे डबे जोडायचे आकडे, कायम असतात. कारण पेको स्वतःच्या कारखान्यात, इंग्लंडमधल्या डेव्हनला रूळ बनवते, केडी अमेरिकेत स्वतःच बनवते. ज्याचा कारखाना त्याच्या हातात, त्याचा माल आजही कपाटात आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ही मला फार लागलीय. उदगीरच्या एका सरांना जलदूत गाडीचं मॉडेल करायचं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आली ती गाडी, पहिल्या खेपेला दहा टँकर, एकेकात 50 हजार लिटर, आपल्यापैकी कितीतरी जण तेव्हा स्टेशनवर बघायला गेले होते. सरांनी एचओमधले, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान (1:87) मापातले, टँक वॅगन पसंत केले, रंग स्वतः मारणार होते. मी सहा मागवले, म्हटलं बाकीचे चार नंतर घेऊ, पैशाची ओढ होती सरांनाही आणि मलाही. सहा आले, सरांनी रंगवले, इतके सुरेख की खालच्या व्हॉल्व्हवरचा गंजसुद्धा हुबेहूब. चारची परत ऑर्डर टाकली तर बॅच संपलेली. दोन वर्षं शोधलं, नाही मिळाले. तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे, रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, पूर्ण करायची असेल तर पूर्ण रेक एकदम बुक करा, नाहीतर सुरूच करू नका.

आता भावाबद्दल. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 च्या बजेटात 20 टक्क्यांवरून 60 केली, 2023 ला 70 केली, आणि स्केल मॉडेलं कस्टमच्या त्याच खात्यात येतात. म्हणजे शंभराच्या मालावर सत्तर रुपये ड्युटीच झाली, बाकीचे आकार, जीएसटी, एजंट, भाडं वेगळंच. 2021 च्या जानेवारीपासून 14 वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्याला आयएसआय मार्कसुद्धा लागतो, त्यामुळं लहानग्यांसाठी परदेशी सेट मागवणं आम्ही बंदच केलंय. काही जण म्हणतात, पाहुणे अमेरिकेत आहेत, गिफ्ट लिहून पार्सल पाठवतील. भाऊ, गिफ्टवरची सूट 2019 च्या डिसेंबरलाच गेली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढीच सोडली. पार्सल कस्टममध्ये अडकलं की ते सोडवायला आम्हाला येता येत नाही, कारण नाव तुमचं असतं.

तर आता आपल्या दुकानात असं चालणार. कंपनीनं नवीन काही दाखवलं की चित्र आणि शेवटची तारीख व्हॉट्सॲपवर टाकू, पाहिजे असेल तर तारखेच्या चार दिवस आधी सांगा. ॲडव्हान्स चौथा हिस्सा. आधी सांगतो तो भाव अंदाजाचा, पक्का भाव माल मुंबईला उतरल्यावर, आणि तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर तुम्ही नाही म्हणू शकता, ॲडव्हान्स पूर्ण परत. कंपनीनं बॅच रद्द केली तरी पूर्ण परत. मात्र माल आमच्या दारात आल्यावर "आता नको" म्हटलं तर ॲडव्हान्स परत मिळणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यात आमचाही पैसा गुंतलेला असतो. आणि खोकं दुकानातच उघडा, आमच्यासमोर, फोम काढताना पायरीचा नाहीतर हँडरेलचा बारीक तुकडा तुटतो, घरी गेल्यावर ते कुणाच्या हातून तुटलं कळत नाही.

ज्यांना एवढं थांबायचं नाही त्यांच्यासाठी एक मार्ग आहे आणि मला तो मनापासून आवडतो. बार्शी लाइट रेल्वे, आपल्या लातूरपर्यंत यायची ती जुनी नॅरोगेज, तिच्या रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर होतं. एचओसाठी 87 नं भागलं तर पावणेनऊच्या आसपास येतं, म्हणजे एन गेजचा (एचओहून लहान मॉडेलांचा) 9 मिलिमीटरचा रूळ चालून जातो, आणि एन गेजचे रूळ आपल्याकडं आहेत. ब्रॉडगेजला हे जमत नाही, 1676 ला भागलं की 19 च्या वर जातं आणि एचओचा रूळ साडेसोळाचा, तिथं थोडं डोळ्याआड करावंच लागतं. बार्शी लाइटचे डबे कार्डशीट आणि थ्री-डी प्रिंटवर करता येतात, खालच्या चाकांचे संच कपाटात आहेत.

ज्यांचा जुना डबा रुळावरून उतरतोय त्यांनी शनिवारी येताना तो सोबत आणा, चाकाचं अंतर गेजवर, म्हणजे ते तपासायच्या मापावर, लावून बघू.