पंचकार्डावर लिहिलेला प्रोसेसर

संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना पडद्यावर ओळी भराभर सरकतात. त्यांत ‘मायक्रोकोड अपडेटेड’ असं काहीतरी दिसून जातं. प्रोसेसर तर सिलिकॉनमध्ये कायमचा कोरलेला. मग त्यात अपडेट कशाचं?

याचं मूळ १९५१ मध्ये आहे. तोवर ‘बेरीज कर’ अशी आज्ञा आली की आतले कोणते सिग्नल कधी सोडायचे, हे तारांच्या गुंत्यातच ठरलेलं असे. आज्ञा बदलायची तर तारा बदला. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी सुचवलं की हा क्रम एका छोट्या मेमरीत लिहूनच ठेवावा. एक ओळ म्हणजे एका क्षणाचे सिग्नल. आज्ञा आली की तिच्या ओळी एकापाठोपाठ एक वाचायच्या. हेच मायक्रोप्रोग्रामिंग, आणि त्या ओळी म्हणजे मायक्रोकोड.

याचा खरा कस लागला आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या मालिकेत. त्यातल्या मॉडेल ३० ला एका वेळी आठच बिट हाताळता येत. ३२ बिटांची बेरीज ते शाळकरी पोरासारखं करी : आठ बिटांचा एक बाइट, मग हातचा घेऊन पुढचा, अशा चार फेऱ्या. हे सगळं मायक्रोकोड सांभाळी, वरच्या प्रोग्रामला पत्ताही नसे. म्हणून तोच प्रोग्राम मोठ्या, वेगवान मॉडेलवर जसाच्या तसा चाले. मॉडेल ७५ मात्र थेट तारांवरच बांधलं होतं, कारण तिथे वेग हवा होता आणि मायक्रोकोड वाचण्यात वेळ जातो.

मॉडेल ३० चा हा मायक्रोकोड कशावर होता? मायलर या प्लॅस्टिकच्या कार्डांवर! आकार नेहमीच्या पंचकार्डाचा, एकेका कार्डावर ६० बिटांच्या १२ ओळी. भोक पाडलं की तो बिट बदलला. प्रोसेसरचा स्वभाव कार्डाला भोकं पाडून ठरवायचा, याची मला अजून गंमत वाटते. जादा मायक्रोकोड घातला की हेच यंत्र जुन्या १४०१ संगणकाचे प्रोग्रामही चालवी. नव्या मशीनपायी जुने प्रोग्राम टाकून द्यायला कोण तयार होणार?

१९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियमचा भागाकार चुकतो हे उघड झालं. चिपा बदलून देण्यापायी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. पुढच्याच वर्षी आलेल्या पेंटियम प्रोमध्ये मायक्रोकोडला ठिगळ लावायची सोय होती. आजच्या चिपांत सोप्या आज्ञा बहुतेक थेट पार पडतात, किचकट तेवढ्या मायक्रोकोडकडे जातात. २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ ही प्रोसेसरच्या सुरक्षेतली फट उघड झाली, तेव्हाही असंच ठिगळ पाठवावं लागलं.

हे ठिगळ चिपमध्ये कायमचं बसत नाही. वीज गेली की पुसलं जातं, संगणक सुरू होताना पुन्हा लावावं लागतं, आणि ‘मायक्रोकोड अपडेटेड’ ही ओळ उद्या सकाळी पुन्हा दिसते.