काळा चिरा जळलेला नसतो

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या नॉयमार्क्ट चौकात, फ्राउएनकिर्शे या चर्चच्या पिवळसर भिंतींत मधूनच काळेकुट्ट चिरे दिसतात. ते दुसऱ्या महायुद्धात, 1945च्या बॉम्बहल्ल्यांत लागलेल्या आगीत करपले, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. एल्बे नदीच्या खोऱ्यातला हा वालुकाश्म उघड्या हवेत वर्षानुवर्षं राहिला की काळा पडतो. काळा म्हणजे जुना, एवढंच.

आगीची खूण लाल असते. दगडातलं पाणी धरून असलेलं पिवळं लोहसंयुग 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी सोडतं आणि त्याचं हेमॅटाइट होतं, म्हणजे आपला गेरू. भट्टीत वीट लाल होते तीही यामुळेच. म्हणून चिऱ्यात खोल भोक पाडून दांडीसारखा नमुना काढायचा आणि लाल पट्टा किती खोल गेलाय ते मोजायचं. आच कुठवर पोचली ते कळतं.

खरा घात त्याच्या पुढे होतो. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झचे, गारगोटीचे कण. 573 अंशांवर क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते. तिथवर पोचेतो कण आकारमानाने जवळपास 4 टक्क्यांनी फुगलेले असतात. एकमेकांना रेटताना त्यांच्यामधला सांधा तुटतो. दगड उष्णता सावकाश आत नेतो, त्यामुळे पृष्ठभाग फुगतो, गाभा थंडच राहतो आणि ढलपे सुटतात. ढलपा गळला की खालचा ताजा थर आगीपुढे येतो.

13 फेब्रुवारीच्या रात्री तीन तासांच्या अंतराने दोन हल्ले झाले. स्फोटक बॉम्बनी कौलं-खिडक्या उडवल्या आणि सुमारे दोन किलोच्या आगलाव्या कांड्यांनी माळे पेटवले. आग खिडक्यांतून चर्चमध्ये शिरली, लाकडी बाक आणि सज्जे पेटले. वर सुमारे 12,000 टनांचा दगडी घुमट, खाली आठ खांब. खांब झिजत गेले, भार तेवढाच राहिला. 15 तारखेला सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे जवळपास दीड दिवसानं, घुमट खाली आला.

ढिगारा 1993पर्यंत तिथेच होता. चर्च पुन्हा बांधण्यासाठी तो उपसताना कोणता दगड कुठे पडला होता याची नोंद ठेवली, म्हणून मूळ जागा शोधता आल्या. पुन्हा वापरायच्या चिऱ्यावर आधी हातोडी टिचकावून बघायची: खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर आत भेग. असे सुमारे 3,800 चिरे भिंतींत परतले. काळे सुटे ठिपके दिसतात ते हेच. आणि काळे मोठे पट्टे म्हणजे आगीतून उभाच राहिलेला भाग.